उजवा लोब गायब! काळीज परत वाढतं म्हणजे नक्की काय होतं?

सातारी_कंदी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

मागच्या मंगळवारी कंबरेत कळ आली. मुतखड्याची शंका होती म्हणून गावातल्याच सोनोग्राफी सेंटरला गेलो. डॉक्टर निवांतपणे प्रोब फिरवत होते. उजव्या बरगडीखाली आले आणि थांबले. कूस बदलायला लावली, श्वास रोखायला लावला, परत फिरवला. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "तुमचं पित्ताशय कुठंय? आणि उजवा लोब?" मी शर्ट आणखी वर करून टाक्यांची रेघ दाखवली. म्हटलं, यकृताचा तो उजवा भाग दादाला दिला, पाच महिने झाले. "अहो, मग आधी सांगायचं ना!" असं म्हणून त्यांनीच रुमालाने घाम पुसला.

खडा निघाला नाही, पण रिपोर्टात आलं, 'उजवा लोब दिसत नाही, डाव्या लोबची हायपरट्रॉफी.' घरी बायकोने वाचलं आणि विचारलं, "परत वाढतं म्हणाले होते ना? मग उजवा कुठाय?" मला उत्तर देता आलं नाही. ऑपरेशनच्या आधी समुपदेशनात एका बाईंनी सांगितलं होतं, 'पालीच्या शेपटीसारखं परत येतं, काळजी करू नका.' मीही तेच धरून बसलो होतो.

आकडे देतो. ऑपरेशनपूर्वी सीटीवर माझं यकृत १,३४० मिली होतं. दादाला दिल्यावर माझ्याकडे ५१० उरलं. तीन महिन्यांनी सीटी केला तेव्हा १,१२०. म्हणजे वाढलंय नक्की. पण काय वाढलं, कुठे वाढलं, आणि वाढायला सांगितलं कुणी?

---

खवय्या_बंडू

रविवार सकाळ, ताटात कलेजी फ्राय, आणि हा धागा उघडला. ताट बाजूला सारलंय. वाचतोय.

---

पेट्रीडिश

कंदीसाहेब, रिपोर्ट अगदी बरोबर आहे, घाबरू नका. माझी पीएचडीची पाच वर्षं उंदरांच्या यकृतापायी गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पालीच्या शेपटीची उपमा साफ चुकीची आहे. शेपटी तुटते तिथूनच नवी फुटते. यकृताच्या कापलेल्या जागी काहीच फुटत नाही. जो भाग उरला तोच ऐसपैस होतो. वाड्याच्या चारपैकी दोन खोल्या पडल्या तर त्या पुन्हा बांधायच्या नाहीत, उरलेल्या दोन मोठ्या करायच्या, असा कारभार. यकृताला आकाराशी देणंघेणं नाही, शरीराचं काम भागेल एवढा पसारा झाला की बास. त्यामुळे तुमचा उजवा लोब आता जन्मात दिसणार नाही. पित्ताशयही नाही, कारण उजवा भाग देताना ते काढावंच लागतं.

या अभ्यासाची मुळाक्षरं १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी घालून दिली. पांढऱ्या उंदराच्या (रॅट) यकृताचे लोब एकमेकांपासून सुटे असतात. पोट उघडायचं, मधला आणि डावा लोब ओल्या कापसाने अलगद बाहेर घ्यायचा, मुळाशी रेशमी दोऱ्याची गाठ, आणि कात्री. गाठ आवळली की तपकिरी लोब बघता बघता जांभळट काळा पडतो. दोन तृतीयांश यकृत गेलं, आणि उरलेल्याला ओरखडाही नाही. आठवडा ते दहा दिवसांत वजन जवळपास पूर्ववत.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा दुसऱ्या दिवशी पोट उघडून पाहिलं तर उरलेला लोब फिकट, पिवळसर, फुगलेला. वाटलं, मेला प्रयोग. रडवेली होऊन सरांकडे गेले तर ते हसायला लागले. त्या काळात पेशी भराभर चरबी साठवतात, रंग त्याचा असतो. नांगरणीआधी बैलांना पेंड चारतात तसं समजा.

आता 'हायपरट्रॉफी' या शब्दाबद्दल. त्याचा अर्थ, पेशी संख्येने न वाढता आकाराने मोठ्या होणं. आम्हाला शिकवलं होतं की यकृत पेशींची संख्या वाढवून मोठं होतं. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी छोट्या उंदरांत (माऊस) एकेका पेशीचा माग ठेवला. ३० टक्के यकृत काढलं तर पेशी विभागल्याच नाहीत, नुसत्या आकाराने मोठ्या झाल्या. ७० टक्के काढलं तेव्हा आधी मोठ्या झाल्या, मग विभागल्या, तेही सरासरी ०.७ वेळा. म्हणजे सगळ्याच पेशींचं एकेक विभाजनसुद्धा नाही! तेव्हा तुमच्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांचा शब्द अर्धा तरी खरा आहे.

---

दुर्गभटकी

हे सगळं ठीक, पण धागाकर्त्यांचा तिसरा प्रश्न राहिला की. उरलेल्या पेशींना कळतं कसं की शेजारी गेला? मेंदूकडून निरोप येतो का?

---

पेट्रीडिश

निरोप रक्तातून येतो. १९६७ मध्ये मूल्टेन आणि ब्यूकर यांनी दोन उंदरांचं रक्ताभिसरण नळ्यांनी जोडलं. एकाचं यकृत कापलं. दुसऱ्याच्या यकृताला हातही लावला नव्हता, तरी त्याच्या पेशी डीएनएची नक्कल करायला लागल्या. म्हणजे दवंडी रक्तातून फिरते, हे ठरलं. दवंडीतले शब्द कोणते हे शोधण्यात मात्र पुढची काही दशकं गेली.

आता क्रमाने. यकृताला मिळणारं तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून पोर्टल व्हेनमधून येतं. यकृत तृतीयांश उरलं तरी आतड्याकडून येणारं रक्त तेवढंच. दहा इंची पाइपाचं पाणी तीन इंची पाइपात. केशिकांच्या भिंतींवर रक्ताचा घासणारा जोर वाढतो आणि मिनिटांच्या हिशेबात युरोकायनेज नावाचं विकर जागं होतं. ते पेशींभोवतीची जाळी सैल करतं. त्या जाळीत एचजीएफ नावाचं वाढप्रथिन आधीच साठवून ठेवलेलं असतं, ते सुटं होतं.

त्याच वेळी आतड्यातल्या जिवाणूंच्या कवचाचे तुकडे पोर्टल रक्तातून येतात. कुप्फर पेशी ही यकृतातली राखण. ती भुंकायला लागते, आणि तिचं भुंकणं म्हणजे टीएनएफ आणि आयएल-६ ही निरोप्या प्रथिनं. आयएल-६ यकृतपेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीवर (निरोप पकडणाऱ्या प्रथिनावर) बसलं की आत जॅक नावाचं विकर स्टॅट-३ या प्रथिनाला फॉस्फेटचा टिळा लावतं. टिळा लागलेली दोन स्टॅट-३ जोडी करून केंद्रकात शिरतात आणि जनुकं चालू करतात. अर्ध्या तासात शंभराहून जास्त जनुकांचा सूर बदललेला असतो. एरवी महिनोन्‌महिने न विभागता गप बसलेली पेशी आता ऐकायच्या मनःस्थितीत आलेली असते. आणि हे लिहायला सोपं, पण एकही पेशी या काळात कामावर रजा टाकत नाही. साखर, प्रथिनं, पित्त सगळं चालूच.

हा झाला पहिला टप्पा. मी याला मशागत म्हणते. मशागतीशिवाय पेरून उपयोग नाही. धडधाकट उंदराला वाढप्रथिनं नुसती टोचली तर यकृत फारसं हलत नाही. आधी टीएनएफ मिळालं असेल तर तीच प्रथिनं भरपूर काम करतात.

पेरणी म्हणजे एचजीएफ आणि ईजीएफचं कुटुंब, ही वाढप्रथिनं. एचजीएफचा ग्राही मेट. या दोन्ही वाटा आत गेल्यावर एकमेकींत मिसळतात आणि सायक्लिन डी-१ हा विभाजनाला ढकलणारा प्रथिनरेणू वाढवतात. तो वाढला की पेशीला मागे फिरता येत नाही. पांढऱ्या उंदरात डीएनएची नक्कल २४ तासांच्या सुमारास शिगेला पोचते, छोट्या उंदरात ३६ ते ४० तासांनी.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे यातली उधळपट्टी. १९९६ मध्ये आयएल-६ नसलेल्या उंदरांचं यकृत कापलं तेव्हा त्यांची वाढ रखडली आणि यकृत निकामी व्हायला लागलं. आयएल-६चा एक डोस आधी दिला की गाडी रुळावर. पण बाकीच्या बऱ्याच कड्या एकेकट्या तोडल्या तर वाढ नुसती उशिरा होते, थांबत नाही. मेट एकटा बंद केला, चाललं. ईजीएफचा ग्राही एकटा बंद केला, चाललं. दोन्ही एकदम बंद केले तेव्हा कुठे ती थांबली. पिट्सबर्गच्या मायकेलोपोलस यांच्या गटाचं हे २०१६चं काम. निसर्गाने एका तारेवर भरवसा ठेवलेला नाही.

---

बोरूबहाद्दर

अवांतर: मराठीत काळीज म्हणजे मुळात यकृतच. बोकडाचं असलं की आपल्याला बरोबर कळतं, माणसाचं म्हटलं की आपण हात छातीवर नेतो. अमरकोशात यकृताला 'कालखंड' हा पर्याय दिलाय. काळा तुकडा! म्हणजे 'काळजाचा तुकडा' म्हणताना आपण तुकड्याचा तुकडा म्हणतोय. १९९८ मध्ये दिल्लीत वीस महिन्यांच्या मुलाला वडिलांच्या यकृताचा भाग बसवला, भारतातलं ते पहिलं यशस्वी यकृतरोपण. त्या बापाला हा वाक्प्रचार शब्दशः लागू झाला.

---

खवय्या_बंडू

बोरूभाऊ, माझी कलेजी गार झाली ती झालीच, आता तिला कालखंड म्हणून खाऊ का?

---

निसर्गप्रेमी_६२

एवढ्या अवघड नावांची गरज नाही. रोज सकाळी अनशापोटी गुळवेलीचा काढा आणि कोरफडीचा गर घ्या, यकृत दुप्पट वेगाने वाढतं. आमच्या ओळखीत अनुभव आहे.

---

निवृत्त_सूक्ष्मदर्शी

निसर्गप्रेमी, आपल्या भावनेचा आदर ठेवून स्पष्ट बोलतो. अर्धे यकृत दिलेल्या माणसाला जाहीर धाग्यावर असा सल्ला देऊ नये. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद आपापल्या जागी. पण ज्या अवयवाच्या पेशी ऐन विभाजनात आहेत त्याच्यावर अंदाजाने काही ओतू नये. कंदी, आपल्या प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा नाही, आणि डोकेदुखीची गोळीसुद्धा नाही.

आयुष्यभर पॅथॉलॉजीत काचपट्ट्या पाहिल्या, म्हणून पेट्रीडिश यांच्या लिहिण्यात थोडी भर घालतो. वाढणारे यकृत सूक्ष्मदर्शकाखाली बघणे हा सोहळा असतो. विभाजनाची लाट पोर्टल नलिकांच्या कडेने सुरू होते आणि मध्यशिरेकडे सरकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दहा-बारा पेशींचे गठ्ठे दिसतात, मध्ये रक्तवाहिनी नाही. वस्ती झाली, पण रस्ते नाहीत. केशिकांच्या अस्तराच्या पेशी सर्वांत शेवटी वाढतात, त्या गठ्ठ्यांत शिरतात आणि पुन्हा दोन ओळींमधून वाहणारे रक्त दिसू लागते. गंमत अशी की या अस्तरपेशी नुसत्या मागून येणाऱ्या नाहीत. सुरुवातीला वाढीचे काही संदेश, एचजीएफ आणि वंट, त्याच पाठवतात. आधी हुकूम देतात, मग स्वतः येतात. सरकारी खात्यात उलटे असते.

---

मनवा_डोंबिवली

इथे विचारावं की नाही कळत नव्हतं, पण विचारते. यकृत इतकं वाढतं तर माझ्या बाबांना सिरोसिस का झाला? ते दारूला शिवत नाहीत. मधुमेह आणि चरबीचं यकृत, एवढंच. वाढायची ताकद होती तर ती गेली कुठे?

---

निवृत्त_सूक्ष्मदर्शी

मनवाताई, विचारलेत ते योग्यच केले.

ताकद गेली नाही, ती वापरली जात राहिली. उंदराच्या प्रयोगात इजा एकदाच होते आणि उरलेला भाग निरोगी असतो. आपल्या वडिलांच्या यकृतात इजा रोज थोडी, वर्षानुवर्षे. रोज राखण भुंकते, रोज मशागत, रोज थोडी वाढ. यकृतात तारकापेशी असतात. एरवी त्या जीवनसत्त्व अ साठवून शांत बसतात. इजा झाली की टीजीएफ-बीटा या संदेशाने त्यांचे रूप पालटते आणि त्या कोलॅजेनचे धागे विणू लागतात. चार दिवसांची इजा असेल तर हे विणकाम कामाचे, तात्पुरता आधार मिळतो आणि मग विरघळते. दहा वर्षे थांबलेच नाही तर धाग्यांच्या भिंती होतात. पेशी वाढतच असतात, पण भिंतींच्या आत कोंडून, गाठीगाठींनी. सिरोसिसचे यकृत हातात घेतले की खडबडीत लागते ते या गाठींमुळे. ती खडबड म्हणजेच पुनर्वाढ, रस्ते बंद झालेल्या जागी झालेली.

केशिकांच्या अस्तरपेशींचा कौल यात मोठा असतो. २०१४ मध्ये उंदरांवर दाखवले गेले की अल्पकाळाच्या इजेत त्या सीएक्ससीआर-७ या ग्राहीमार्फत वाढीच्या बाजूने बोलतात, इजा लांबली की सीएक्ससीआर-४ वरचढ होतो आणि त्याच पेशी वण घडवणाऱ्यांना सामील होतात. माणसे तीच, पक्ष बदलला.

इजेचे कारण थांबले तर काही प्रमाणात वण मागे हटतात. हिपॅटायटिस सी औषधांनी बरा झालेल्या अनेकांत हे दिसते. वडिलांची साखर आणि वजन ताब्यात ठेवणे याला म्हणूनच अर्थ आहे. बाकी त्यांच्या डॉक्टरांशी बोला, मी रिपोर्ट न पाहता बोलणार नाही.

---

मनवा_डोंबिवली

धन्यवाद काका. आजवर कुणी एवढं बसून सांगितलं नव्हतं. बाबांना वाचून दाखवते.

---

स्वरा_रेगन्सबुर्ग

मी राहते त्या गावाचा, जर्मनीतल्या रेगन्सबुर्गचा, याच विषयाशी संबंध आहे म्हणून राहवलं नाही. मोठी गाठ काढायची असते पण मागे यकृत फार थोडं उरणार असतं, अशा रुग्णांसाठी इथल्या सर्जननी दोन टप्प्यांचं ऑपरेशन पुढे आणलं. पहिल्या दिवशी यकृत मधोमध चिरून ठेवायचं आणि रोगट बाजूची पोर्टल व्हेन बांधायची, पण ती बाजू आतच राहू द्यायची. सगळं पोर्टल रक्त चांगल्या बाजूला वळतं. २०१२च्या अहवालात २५ रुग्णांत चांगली बाजू साधारण ९ दिवसांत ७४ टक्क्यांनी वाढल्याचं आलं. मग दुसरं ऑपरेशन करून रोगट भाग काढायचा. आकडे बघून जगभर उत्साह आला, पण सुरुवातीला मृत्यूही बरेच झाले. यकृत फुगलं म्हणजे ते कामाला तयार झालं असं नाही, हे त्यातून कळलं.

आणि जर्मनीतल्याच ट्युबिंगेनच्या गटाने एमकेके-४ नावाची, पेशीतली वाढीला आवर घालणारी एक कडी रोखणारं औषध काढलंय. २०२४ मध्ये आलेल्या शोधनिबंधात ८५ टक्के यकृत काढलेल्या डुकरांनाही त्याने तारलं. निरोगी माणसांवर पहिल्या टप्प्याची चाचणी झाली आहे. पुढचं अजून बाकी आहे.

---

दुर्गभटकी

मला आता उलटा प्रश्न पडलाय. एवढी वाढायची हौस आहे तर थांबतं कसं? कंदीसाहेबांचं यकृत १,३४०च्या पुढे पळत सुटलं तर?

---

पेट्रीडिश

हाच खरा प्रश्न, आणि माझ्या मते सुरुवातीपेक्षा थांबणं जास्त अवघड आहे.

मनवाताईंच्या प्रश्नात जो टीजीएफ-बीटा खलनायक होता, तोच इथे लगाम. यकृतपेशींना तो 'पुरे' म्हणतो. ऐन वाढीच्या दिवसांत पेशी त्याच्याकडे काणाडोळा करतात, नंतर पुन्हा ऐकायला लागतात. एकच संदेश एका पेशीला थांब सांगतो आणि शेजारच्या तारकापेशीला विणायला बसवतो. त्यामुळे त्याला सरसकट दाबणारं औषध देणं हे दुधारी काम आहे.

दुसरा लगाम हिप्पो. हे नाव फळमाशीवरून आलं. तिच्यात हे जनुक बिघडलं की डोक्याची कातडी पाणघोड्यासारखी सुरकुतते. हिप्पोची साखळी वाढ चेतवणाऱ्या याप नावाच्या प्रथिनाला केंद्रकाबाहेर ठेवते. २००७ मध्ये उंदरांच्या यकृतात याप मुद्दाम वाढवलं तेव्हा यकृत चौपटीच्या आसपास गेलं. बंद केल्यावर परत आपल्या मापाला आलं! पण चालूच ठेवलं तर गाठी झाल्या. म्हणून कुणी 'यकृत वाढवणारं' काही विकायला आला की मला आधी हा उंदीर आठवतो.

आणि माप ठरवतं कोण? शरीर. लहान कुत्र्याचं यकृत मोठ्या कुत्र्याला बसवलं तर ते मोठ्या कुत्र्याच्या मापाला वाढतं. १९९२ मध्ये पिट्सबर्गला सर्जन स्टार्झल यांनी बबून माकडाचं यकृत माणसाला बसवलं, तो रुग्ण ७० दिवस जगला, आणि ते यकृतही वाढायला लागलं होतं. यात पित्ताम्लांचा वाटा आहे. ती आतड्यातून यकृतात सारखी परत येतात. यकृत छोटं असेल तर दर पेशीच्या वाट्याला ती जास्त येतात, एफएक्सआर हा ग्राही ते मोजतो आणि वाढीला हात देतो. यकृत पुरेसं झालं की भार कमी, हातही सैल. दादांच्या पोटातला तुमचा उजवा लोब आता तुमच्या नाही, दादांच्या मापाने वाढतोय. दादा अंगाने मोठे आहेत का?

---

सातारी_कंदी (धागाकर्ता)

दादा माझ्यापेक्षा अर्धा फूट उंच आणि वीस किलो जड. लहानपणी माझ्या ताटातली भाकरी तोच उचलायचा.

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोला वाड्याच्या खोल्यांचं उदाहरण सांगितलं, पटलं. काढा घेत नाहीये, निसर्गप्रेमी, राग मानू नका. डिस्चार्जचा कागद आता पाकिटात घडी करून ठेवलाय, आणि फाइलवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'उजवा लोब व पित्ताशय नाही, दान केले आहे.' म्हणजे पुढच्या डॉक्टरांना घाम यायला नको.

काल दादाला फोन करून हे सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे माझ्याकडे आल्यावर तुझा लोब तुझ्याकडे होता त्याहून मोठा होणार?" म्हटलं, हो, तसं म्हणतायत. तर म्हणतो, "मग वर्षाने परत मागू नकोस."

---

खवय्या_बंडू

दादांना सांगा, भाकरीचा हिशेब अजून बाकी आहे.